शब्दाचा पक्का की शब्दांचा पक्का?

प्रश्न असा आहे: एका खोलीत राहणाऱ्या दोघांत ठरलं होतं की रात्री दहानंतर गाणी लावायची नाहीत. त्यातला एकजण रोज पावणेदहाला लावतो आणि ती बारापर्यंत सुरू असतात. हटकलं की म्हणतो, "दहानंतर लावली कुठे? मी माझा शब्द पाळतोय." या वागण्याला मराठीत काय म्हणावं? आणि ठरलेल्या गोष्टीमागचा हेतू सांभाळण्याला काय म्हणावं? 'कराराचा आत्मा जपणे' चालेल का?

'कराराचा आत्मा' समजेल, छापूनही येतो. पण रागाच्या भरात तो कुणाच्या तोंडी येत नाही, म्हणून मला तो परका वाटतो. शिवाय त्याची गरजही नाही, कारण हा भेद मराठीत आधीच आहे आणि तो 'शब्द' या शब्दातच दडलेला आहे.

मराठीत 'शब्द' दोन कामं करतो. अनेकवचनात तो बहुधा बोललेली अक्षरं असतो, तर 'शब्द देणे', 'शब्द मोडणे', 'शब्द खाली पडू न देणे' यांतला एकवचनी शब्द म्हणजे वचन. 'शब्दाचा पक्का' माणूस म्हणजे भरवशाचा माणूस. त्यावर एक अनुस्वार द्या, 'शब्दांचा पक्का' म्हणा, आणि लगेच दुसराच माणूस समोर उभा राहतो: वाक्यात काय होतं आणि काय नव्हतं हे मोजून सांगणारा. तुमचा सोबती हा दुसरा आहे. त्याने 'लावणे' हे क्रियापद घट्ट धरलंय. लावणे एका क्षणात होतं, वाजणं दोन तास चालतं, आणि ठरवताना दोघांच्याही मनात वाजणंच होतं. त्याने शब्द सांभाळले आणि शब्द मोडला. हे वाक्य मराठीत कोडं वाटत नाही, हीच आपल्या भाषेची श्रीमंती.

आता 'पाळणे'. नियम, अट, वेळ, पथ्य, कलम हे सगळं आपण पाळतो. त्यात मन असलंच पाहिजे असं नाही. 'नियमानुसार काम' आंदोलनात हेच तर होतं: एकही नियम मोडला जात नाही आणि काम मात्र रखडतं. म्हणून 'शब्द पाळला' असा दावा त्याला करता येतो. 'मी शब्दाला जागलो' असं म्हणायला त्याची जीभ अडखळेल. करून पाहायला सांगा.

'जागणे' हे क्रियापद मला फार मोलाचं वाटतं. माणूस मिठाला जागतो, उपकाराला जागतो, वचनाला, इमानाला जागतो. नियमाला किंवा कलमाला कुणी जागत नाही. मूळ अर्थ झोप न घेणे, हाच. रात्री पिकाची राखण करणारा तो जागल्या. समोरचा निर्धास्त झोपू शकतो, कारण आपण त्याच्या वतीने जागे आहोत. तुमच्या उदाहरणात हे अगदी शब्दशः लागू पडतं.

सोबत्याच्या वागण्याला नेमका शब्द हवा असेल तर 'शब्दच्छल' घ्या. त्याला जुनी बैठक आहे. न्यायसूत्रांत, म्हणजे भारतीय तर्कशास्त्राच्या जुन्या मूळ ग्रंथात, बोलणाऱ्याच्या वाक्याला भलता अर्थ चिकटवून त्याला खोडणं याला 'छल' म्हटलं आहे आणि त्याचे तीन प्रकार केले आहेत. पहिला वाक्छल. त्याचं न्यायसूत्रांवरच्या वात्स्यायनाच्या भाष्यातलं उदाहरण असं: कुणी म्हणतो 'नवकंबल' मुलगा, म्हणजे नवं कांबळं असलेला. प्रतिपक्षी विचारतो, नऊ कांबळी कुठे आहेत? एकच तर आहे! 'नव' म्हणजे नवं आणि नऊही. बोलणाऱ्याला काय म्हणायचं होतं हे प्रतिपक्ष्याला पक्कं ठाऊक आहे, आणि छल होतो तो त्यामुळेच. खरंच न कळणं हा गैरसमज. कळूनही वळवणं हा छल. 'पळवाट' हा शब्दही जवळचा, पण त्यात दोष निम्मा वाक्यावर जातो.

'नरो वा कुंजरो वा' मात्र इथे वापरू नका. मूळ कथेत उच्चारलेलं खरं आणि पोचवलेलं खोटं, म्हणून मोह होतो. पण आज त्याचा रूढ अर्थ धड हो नाही, धड नाही नाही असं मोघम उत्तर देणे हा आहे. तुमचा सोबती मोघम नाही, तो काटेकोर आहे. 'करार अक्षरशः पाळला' असंही लिहू नका. 'अक्षरशः' आता जोर देण्यासाठी येतो, तेव्हा ती स्तुती वाटेल. 'शब्दांपुरता पाळला' म्हणा. 'कामापुरता मामा'मधला तो 'पुरता' सगळा ठपका ठेवतो.

चांगल्या बाजूसाठी माझी पहिली पसंती 'इमानेइतबारे'. इमान म्हणजे निष्ठा, इतबार म्हणजे भरवसा. जोडीतलं इमान माझं, इतबार समोरच्याचा. एकाच शब्दात करारातले दोघेही बसले आहेत. जर्मन नागरी संहिता 1900 पासून लागू आहे. तिच्या कलम 242 मध्येही देणं 'ट्रॉय उंड ग्लाउबेन'ला धरून फेडावं असं आहे. ती जोडीही निष्ठा आणि विश्वास अशीच. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता तेच दोन शब्द शेजारी बसवले, याचा मला मनापासून आनंद होतो.

कायद्याच्या मराठीत लिहायचं असेल तर 'सद्भावपूर्वक' रुळलेला आहे. राष्ट्राराष्ट्रांतल्या करारांविषयीच्या 1969 च्या व्हिएन्ना कराराचं कलम 26 याच शब्दात मांडता येतं: करार सद्भावपूर्वक पाळला पाहिजे. कलम 31 सांगतं की शब्दांचा नेहमीचा अर्थ घ्या, पण संदर्भ आणि कराराचा हेतू व उद्दिष्ट लक्षात घेऊन. शब्दांना तिथेही मान आहेच, फक्त त्यांना एकटं सोडलेलं नाही.

सोबत्याशी बोलताना यातलं काही लागणार नाही. 'बोली' हा एक शब्द पुरे, कारण 'या बोलीवर' म्हणजे 'हे गृहीत धरून'. त्याला म्हणा, "दहानंतर मला झोपू द्यायचं, अशी बोली होती." त्यात 'लावणे' हे क्रियापदच नाही.