ओरिजिनल जमा करा म्हणतात, द्यायची का?

ताई, नमस्कार.

तुमचं पत्र मिळालं. लेक जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) झाली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी हातात आली आणि पुण्यात दोन मुलाखतीही झाल्या, त्याबद्दल तिचं आणि तुमचंही अभिनंदन. पत्रातला पेच असा: पहिलं साठेक खाटांचं खासगी रुग्णालय. पगार 18,000, राहायला खोली फुकट, 'सोमवारपासूनच या' म्हणाले. पण 2 वर्षांचा बाँड (तेवढी वर्षं नोकरी न सोडण्याचा लेखी करार) आणि मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा करायची. दुसरं ट्रस्टचं मोठं रुग्णालय. पगार 15,000, खोली आपली आपण बघायची, आणि मेट्रनबाईंनी (तिथल्या सिस्टरांच्या प्रमुख) उलटसुलट विचारून पोरीला घाम फोडला. तिला पहिल्या ठिकाणी काहीतरी खटकलं, तिचे वडील म्हणतात की तीन हजार जास्त मिळताहेत तर नखरे कशाला. ठिकाण बरं की वाईट हे मुलाखतीतच ओळखता येतं का, असं तुम्ही विचारलंय.

बरंचसं येतं. आधी मेट्रनबाईंचं बोलू, कारण तुम्ही त्यांना धास्तावलेल्या दिसता. पोटॅशियम क्लोराईड कसं द्यायचं, हे त्यांनी तिला तीनदा फिरवून फिरवून विचारलं म्हणे. विचारू देत. ते इंजेक्शन सौम्य न करता थेट शिरेत ढकललं तर पेशंटचं हृदय बंद पडू शकतं. नव्या मुलीला हे पक्कं ठाऊक आहे का, याची जिला काळजी आहे ती बाई वॉर्डही तशाच काळजीने चालवत असणार. कडक मेट्रन आणि त्रासदायक नोकरी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यांची गल्लत करू नका. उलट पहिल्या ठिकाणी पाच मिनिटांत काय विचारलं? लग्न ठरलंय का, आणि कधीपासून येता. औषधाबद्दल एक अक्षर नाही. त्यांना सिस्टर नकोय, रोस्टरमधलं (ड्युट्यांच्या तक्त्यातलं) भोक बुजवायला माणूस हवंय. हे भोक कशामुळे पडलं, ते विचारायला हवं होतं. 'माझ्या आधी या जागेवर कोण होतं, त्या का सोडून गेल्या?' असा साधा प्रश्न. उत्तर देताना समोरचा माणूस जाणारीच्या नावाने बोटं मोडू लागला, तर उद्या तुमच्या लेकीबद्दलही तो असंच बोलेल.

पण माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येक मुलीला मी एक प्रश्न हमखास विचारायला सांगते: 'रात्री आठला माझी रिलीव्हर, म्हणजे पुढच्या पाळीची सिस्टर, आली नाही, तर काय करायचं?'

सिस्टर वॉर्ड सोडून जाऊ शकत नाही, ओव्हर, म्हणजे पुढच्या पाळीला पेशंटची माहिती, दिल्याशिवाय तर नाहीच. म्हणजे कुणी आलं नाही की सापडते ती ड्युटीवरची. असं सगळीकडेच कधी ना कधी होतं. बऱ्या ठिकाणी त्याची काहीतरी ठरलेली सोय असते: सुपरवायझर दुसऱ्या वॉर्डातून कुणाला पाठवते, नाहीतर स्वतः उभी राहते, डबल ड्युटी करावीच लागली तर तिची नोंद होते आणि बदली ऑफ किंवा पैसे मिळतात. उत्तर देणारी बाई हे न अडखळता सांगते, कारण ते तिचं रोजचं काम आहे. तुमच्या लेकीने हा प्रश्न विचारला नव्हता, तरी पहिल्या ठिकाणच्या एचआरने उत्तर देऊन टाकलं: 'इथे तास मोजणारे चालत नाहीत, सगळे घरच्यासारखे राहतात.' घरच्यासारखे म्हणजे ओव्हरटाइम मागायचा नाही, असा त्याचा अर्थ मी तरी आजवर पाहिला आहे. आणि ती फुकटची खोली रुग्णालयाच्याच वरच्या मजल्यावर आहे ना? मग रात्री दोन वाजता दार कुणाचं वाजणार ते सांगायला नको.

दुसरा प्रश्न आकड्यांचा. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट, आणि त्या पाळीत नोंदणी झालेल्या सिस्टर किती? दुसरा भाग मुद्दाम विचारायचा. छोट्या दवाखान्यांत पांढरा ड्रेस घातलेल्या चौघींपैकी तिघी सहा महिन्यांचा कोर्स केलेल्या असतात. काही चुकलं तर सही मात्र नोंदणीवालीची. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत सर्वसाधारण रुग्णालयात 5 खाटांमागे 1 आणि आयसीयूत 1 खाटेमागे 1 परिचारिका धरली आहे. हे कागदावरचं. खासगीत रात्री 12-15 पेशंट एकाच सिस्टरकडे असल्याचं मी नेहमी ऐकते. आकडा मोठा ऐकून लगेच उठून येऊ नये. पण 'ते आल्यावर कळेलच' असं उत्तर मिळालं, तर खुशाल उठावं.

आता मूळ प्रमाणपत्रं. देऊ नका. तपासायला दाखवायची, झेरॉक्सवर सही करून द्यायची आणि मूळ कागद त्याच दिवशी पिशवीत घालून घरी आणायचे. बाँड घालून परिचारिकांना अडकवणं आणि प्रमाणपत्रं अडवून ठेवणं, या दोन्हींच्या विरोधात भारतीय परिचर्या परिषदेनेच भूमिका घेतलेली आहे. शिवाय करार मोडला म्हणून कुणी कुणाला जबरदस्तीने कामावर ठेवू शकत नाही. फार तर वाजवी भरपाई मागता येते. कोरे चेक मागितले तर तेही नाही म्हणायचं.

हे कागद इतके महत्त्वाचे का, ते तिच्या वडिलांना समजावून सांगा. सरकारी भरतीत कागदपत्र पडताळणीला मूळ प्रती लागतात. तुमची लेक पुढे एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्सिंग ऑफिसर भरतीची परीक्षा द्यायची म्हणते. जीएनएमवाल्यांना तिथे किमान 50 खाटांच्या रुग्णालयातला 2 वर्षांचा अनुभव लागतो. म्हणजे दोन वर्षांनी मिळणारं अनुभव प्रमाणपत्र हीच या नोकरीची खरी कमाई. जे लोक जॉइन होतानाच कागद अडवतात, ते जाताना अनुभवाचा दाखला सुखासुखी देतील का? आणि 'साठेक खाटा' हेही तोंडी धरू नका. रुग्णालयाचं शुश्रूषागृह म्हणून असलेलं नोंदणी प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असतं, त्यावर खाटांचा आकडा असतो. तिथे 45 निघाले तर दोन वर्षं नॉरसेटच्या हिशेबात वाया.

पगाराचं थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये दिलेल्या निर्देशानंतर केंद्राने नेमलेल्या समितीने 50 पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही परिचारिकेला किमान 20,000 द्यावेत, अशी शिफारस केली होती. त्या हिशेबाने तुमच्याकडचे दोन्ही आकडे कमीच. शिफारस खासगी मालकाला आपोआप बांधत नाही, त्यामुळे मुलाखतीत तिच्यावरून भांडू नये, पण माहीत असू द्यावी. विचारायचं ते एवढंच की पगार बँकेत जमा होतो का, पीएफ कापतात का, आणि हातात किती येतात. 18,000 पैकी काही रक्कम रोख देणार असतील, तर ते 18,000 नव्हेत.

पेशंटला वापरलेली सुई सिस्टरला टोचली तर काय करता, हेही विचारायला हवं, आणि हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस रुग्णालय देतं का तेही. एचआयव्हीचा धोका असेल तर औषध शक्यतो 2 तासांत, उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू व्हावं लागतं. नीट चालणाऱ्या ठिकाणी कुणाला फोन करायचा हे वॉर्डातल्या प्रत्येकीला पाठ असतं. लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती 10 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या प्रत्येक ठिकाणी कायद्याने असायलाच हवी. तिच्या सदस्यांची नावं भिंतीवर दिसतात का ते नुसतं बघायचं, विचारायचीही गरज नाही.

बघण्यासारखं खरं तर पुष्कळ असतं. पुढची मुलाखत असेल तेव्हा शक्यतो दुपारी दोनच्या सुमारास जायला सांगा, पाळी बदलते तेव्हा. ओव्हर पेशंटच्या खाटेशी उभं राहून देतात की बॅग खांद्याला लावून दारातून? रोस्टर भिंतीवर असेल तर एकाच नावापुढे सलग किती नाईट आहेत, किती खाडाखोड आहे? 'वॉर्ड बघू का?' म्हटल्यावर आढेवेढे घेतले, तर तेही उत्तरच. तुम्ही पत्रात अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय की जिन्यात फरशी पुसणाऱ्या मावशी तिला हळूच म्हणाल्या, 'नवीन का गं? मागच्या महिन्यात तिघी गेल्या.' ताई, ही ओळ पत्राच्या सुरुवातीला हवी होती.

माझं मत विचाराल तर पहिलं ठिकाण सोडा. घरची ओढाताण मला कळते. पुण्यात खोलीचे पैसे भरून 15,000 मध्ये भागवणं सोपं नाही. चौघी मुलींनी मिळून खोली घेतली तर जमतं, आणि ट्रस्टच्या रुग्णालयातल्या सिस्टरांकडेच चौकशी केली तर अशी जागा बहुधा तिथूनच कळते. पण दुसऱ्या ठिकाणीही डोळे झाकून होकार नको. तिने उद्या सकाळी मेट्रनबाईंना फोन करून रिलीव्हरचा आणि रात्रीच्या पेशंटचा, हे दोन प्रश्न विचारावेत. तुम्ही किंवा वडिलांनी फोन करू नका, तिनेच करावा. नियुक्तीपत्र आलं की सही करण्याआधी सगळ्या पानांचे फोटो मला पाठवा, मागच्या बारीक अक्षरांतल्या अटींसकट.