माक्याचं तेल का बिघडतं? केसगळतीबद्दल वाचकांचे प्रश्न

प्रश्न : शेताच्या बांधावरचा माका आणून दरवर्षी घरी तेल करते. पंधरा-वीस दिवसांत त्याला आंबूस वास येतो, तळाशी चिकट साका बसतो. एकदा तर बुरशीच आली. प्रमाण चुकतं की माका?
(एक वाचक, कराड)

चुकतो तो पाक, म्हणजे तेल कढवणं. तेलात पाणी राहिलं की आंबूस वास, बुरशी, साका सगळं ओघानं येतं.

पण आधी माका ओळखून घ्या. फूल पांढरं, बटणाएवढं, पान खरखरीत. देठ चुरगाळला की बोटावर हिरवा रस येतो आणि बघता बघता काळपट होतो. बागेत लावतात त्या पिवळ्या फुलांच्या वेलीलाही माका म्हणतात, पण ती वनस्पती वेगळी.

शास्त्रातलं प्रमाण असं : तेलाच्या चौपट रस आणि, रस वापरताना, तेलाच्या आठव्या भागाइतका कल्क, म्हणजे वाटलेली चटणी. घरापुरतं २५० मिली खोबरेल घ्या, १ लिटर माक्याचा रस आणि ३० ग्रॅम कल्क. कल्कात माक्याचा पाला, आवळकाठी आणि थोडी जटामांसी घ्या. लिटरभर रसाला अडीच-तीन किलो तरी ओला माका लागतो. तो मिळत नसेल तर अर्धा किलो वाळलेल्या माक्याची भरड ४ लिटर पाण्यात उकळून १ लिटर उरवा. हा काढा रसाच्या जागी चालतो, मात्र तेव्हा कल्क ४० ग्रॅम घ्यायचा. बहुतेक घरांत वाटीभर रसात अर्धा लिटर तेल घालतात. त्याला रंग येतो, एवढंच.

पातेलं जाड बुडाचं आणि मोठं हवं. सगळं घातल्यावर एक तृतीयांशच भरलं पाहिजे, कारण शेवटी फेस वर येतो. आच मंद. पाणी आहे तोवर तेल फार तापत नाही, म्हणून पहिले दोन तास काही करावं लागत नाही. अधूनमधून तळ खरवडायचा. खरी राखण शेवटच्या वीस मिनिटांची. पाणी संपत आलं की बुडबुड्यांचा आवाज बारीक होतो, तेलावर फेस धरतो आणि कल्क तळाला बसू लागतो. तेव्हा चमच्यावर थोडा कल्क काढा, जरा निवू द्या आणि दोन बोटांत वळा. बोटाला चिकटला तर पाक कच्चा. न चिकटता त्याची वात वळली तर झाला. वळताना भुगा होऊ लागला तर पुढे गेला. डोक्याच्या तेलाला किंचित पुढचा पाक चालतो, करपलेला चालत नाही. खात्रीसाठी ती वात ज्योतीवर धरा. तडतडली तर आत अजून पाणी आहे.

तेल कोमट असतानाच कोरड्या मलमलीतून गाळा. फडकं पिळताना शेवटचा गढूळ अंश वेगळ्या वाटीत घ्या आणि तो आधी वापरून टाका. बाकीचं रात्रभर स्थिर ठेवून वरचं नितळ तेल उन्हात वाळवलेल्या काचेच्या बाटलीत भरा. बाटलीत ओलं बोट घालायचं नाही. निम्मी तेलं तिथेच बिघडतात.

आता हे तेल काय करतं तेही सांगतो. खोबरेल केसाच्या दांडीत शिरतं, त्यामुळे धुताना-विंचरताना केस कमी तुटतात. हा फायदा पक्का आहे. माक्यानं मुळं जागी होतात असं सांगणारे प्रयोग मुख्यतः उंदरांवरचे आहेत. तेव्हा तेल चोपडण्याआधी गळलेला केस उजेडात धरून बघा. टोकाला पांढरा बारीक गोंडा असेल तर तो मुळापासून आला. गोंडा नाही आणि लांबीही तोकडी, तर तो तुटला. तुटणाऱ्याला तेलाचा उपयोग आहे. मुळापासून येणाऱ्याचं कारण बहुधा डोक्याबाहेर असतं.

प्रश्न : ऑक्टोबरमध्ये डेंग्यू झाला. तेव्हा एक केस गेला नाही. आता जानेवारीत आंघोळीला मूठमूठ जातात. जास्वंदीचं तेल सुरू केलंय. डोकं चोळून लावू का?
(एक वाचक, नाशिक)

चोळू नका. जे केस सुटलेत ते तसेही जाणार. चोळून चांगले तोडाल.

तुमचं वेळापत्रक अगदी नेहमीचं आहे. मोठा ताप, टायफॉइड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा उपाशी राहून घटवलेलं वजन, अशा धक्क्यानं एरवी वाढत असलेले पुष्कळ केस एकदम विश्रांतीला जातात. ते लगेच पडत नाहीत. दोन-तीन महिने मुळाशी तसेच टिकतात आणि मग एकगठ्ठा सुटतात. एरवीही दिवसाला पन्नास ते शंभर केस जातातच. आता त्याच्या दुप्पट-तिप्पट जातील. ही गळती साधारण सहा महिन्यांत आपसूक ओसरते. ओसरत आली की कपाळाच्या कडेला आखूड, टोकदार नवे केस उभे दिसतात. (गळती थांबायच्या सुमारास जे तेल चालू असतं त्याला श्रेय मिळतं. जाहिरातीतल्या बऱ्याच हकिकती अशाच घडतात.)

जास्वंदीची फुलं-पानं वाटून लावलीत तर केस मऊ होतील, गुंता सुटेल. चांगलंच आहे, त्याहून जास्त अपेक्षा नको. या काळात पोटाकडे बघा : डाळ, अंडी किंवा मासे, आणि भिजवलेलं हळीव लिंबू पिळून. जेवणानंतर तासभर चहा टाळा, तो अन्नातलं लोह शोषू देत नाही. सहा महिन्यांनंतरही थांबलं नाही तर हिमोग्लोबिनसोबत फेरिटिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) तपासा. हिमोग्लोबिन ठीक असून साठ्यातलं लोह, म्हणजे फेरिटिन, कमी असल्याचं बायकांमध्ये वारंवार दिसतं.

प्रश्न : नऊ वर्षांच्या मुलाच्या डोक्यात रुपयाएवढी चाई पडली आहे. सासूबाई म्हणतात बिब्बा लावू, शेजारच्या काकू म्हणतात गुंज उगाळून लाव.
(एक वाचक, अंबाजोगाई)

दोन्ही नको. बिब्बा उततो हे सासूबाईंनाही ठाऊक असेल : फोड, सूज, पाणी सुटणं. ती जखम खोल गेली तर केसाचं मूळच जळतं आणि मग तिथे कायमचा केस येत नाही. म्हणजे जी चाई आपोआप भरली असती ती पक्की होते. गुंजेचं बी विषारी आहे. ग्रंथांत तिचा लेप सांगितला आहे तो शोधन केलेल्या बियांचा आणि वैद्याच्या हातचा. खरवडलेल्या कातडीवर कच्ची गुंज, आणि तेच बोट मुलाच्या तोंडात, हा धोका घेऊ नका.

आधी चट्टा नीट बघा. गुळगुळीत, चकचकीत, खाज नाही, तर चाई. कोंडा सुटतोय, खाज आहे, तुटक्या केसांचे काळे ठिपके दिसतात, तर तो डोक्यातला गजकर्ण. लहान मुलांत तो बराच आढळतो. त्याला पोटातूनच गोळ्या लागतात. तेल, लेप, कांदा कशानंही जात नाही आणि घरातल्या दुसऱ्या मुलाला लागतो. तोवर कंगवा आणि टॉवेल वेगळा ठेवा.

चाईच असेल तर घरगुती उपायांत थोडाफार आधार आहे तो कांद्याच्या रसाला. इराकमध्ये २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा प्रयोगात तो दिवसातून दोनदा लावला, तेव्हा साध्या पाण्यापेक्षा बराच जास्त लोकांना केस आले. ताजा कांदा किसून, गाळून, कापसानं फक्त चट्ट्यावर लावा. आग झाली, लाली आली तर बंद. महिन्याभरात चट्टा वाढला, दुसरा उमटला किंवा भुवई विरळ झाली तर त्वचारोगतज्ज्ञाकडे न्या.

प्रश्न : कोंडा खूप आहे, म्हणून रात्री भरपूर तेल लावते. तरी वाढतोच.
(एक वाचक, ठाणे)

तेलामुळेच वाढतो. कोंड्यामागची बुरशी डोक्यातल्या तेलकटपणावर जगते. महिनाभर तेल बंद ठेवा. कीटोकोनॅझोल २ टक्क्यांचा शाम्पू आठवड्यातून दोनदा लावा, पाच मिनिटं ठेवून धुवा. लिंबू थेट चोळू नका, खाजवलेल्या कातडीला झोंबतं. कोंडा गेला की तेल पुन्हा लावा, पण केसांच्या लांबीला, तेही धुण्याआधी तासभर.

प्रश्न : शाम्पू सोडून शिकेकाईवर आले. बोअरवेलचं पाणी आहे. केस ताठ, राठ झालेत आणि डोक्यात भुकटी राहते.
(एक वाचक, अकोला)

शिकेकाई पूड वापरता की शिकेकाई साबण? साबण असेल तर दोष त्याचा. जड पाण्यात साबणाचा चोथा होतो आणि तो केसांवर बसतो. नुसत्या शिकेकाईचं तसं होत नाही.

पूड असेल तर ती कोरडी किंवा नुसती कालवून लावू नका. अर्धा किलो शिकेकाई, १०० ग्रॅम बी काढलेला रिठा, १०० ग्रॅम आवळकाठी, नागरमोथा, कपूरकाचरी आणि मेथी प्रत्येकी ५० ग्रॅम. कडक उन्हात वाळवून दळा आणि चाळा. एका न्हाण्याला तीन मोठे चमचे पूड दोन कप पाण्यात रात्री भिजवा, सकाळी दहा मिनिटं उकळा आणि फडक्यातून गाळा. लावायचं ते हे पाणी; चोथा नाही. रिठा वाढवला तर फेस येईल, पण केस राठ होतील. राठपणा तरी राहिला तर मेथी दुप्पट करा, तिचा बुळबुळीतपणा कामाचा आहे. शेवटच्या तांब्याभर पाण्यात चमचाभर लिंबाचा रस घाला. डोळे मिटून घ्या, रिठा भयंकर झोंबतो.

एक मर्यादा आहे : या पाण्यानं डोईभर तेल निघत नाही. दोन चमचे तेल लावत असाल तरच शिकेकाई पुरते.

प्रश्न : वय २७. कपाळ दोन्ही बाजूंनी मागे चाललंय, वडिलांनाही टक्कल आहे. रोजमेरी तेलानं केस येतात का?
(एक वाचक, मडगाव)

इराणमधल्या २०१५च्या एका प्रयोगात सहा महिन्यांनी रोजमेरी तेल आणि मिनॉक्सिडिल हे केस उगवण्याचं औषध (२ टक्के) सारखेच ठरले. पण २ टक्के हा सौम्य डोस आहे, आणि काहीच औषध न दिलेला तिसरा गट त्यात नव्हता. लावायचंच तर दोन चमचे खोबरेलात पाच-सहा थेंब. नुसतं कधीच नाही, कातडी भाजते. आनुवंशिक टकलात वेळ महत्त्वाचा आहे. बारीक झालेला केस वाचवता येतो, बंद पडलेलं मूळ उघडत नाही. तेलात दोन वर्षं घालवण्याऐवजी आत्ताच डॉक्टरांना दाखवा. मिनॉक्सिडिल दिलं तर पहिल्या महिना-दीड महिन्यात गळती वाढते. ती बघून बरेच जण सोडतात, तुम्ही सोडू नका.

प्रश्न : केसांसाठी बायोटिन आणि सेलेनियमच्या गोळ्या घेते. त्या वनस्पतीजन्य आहेत, मग अपाय नाही ना?
(एक वाचक, पुणे)

आहे. २०२४च्या डिसेंबरअखेर बुलडाण्यातल्या शेगाव तालुक्यात बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत लोकांचे केस काही दिवसांतच हातात येऊ लागले. संशय आधी पाण्यावर आणि बुरशीवर होता. पुढे तपासण्यांत शरीरात सेलेनियम जास्त आढळलं, आणि विंचूदंशाचे संशोधक डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तिथल्या रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. गहूही वनस्पतीजन्यच. सेलेनियम कमी पडलं तर त्रास होतो, जास्त झालं तर केसच जातात. कमतरता सिद्ध झाल्याशिवाय ती गोळी घेऊ नका.

बायोटिनची कमतरता क्वचितच असते. जास्त डोसनं थायरॉइडची तपासणी चुकीची दिसू शकते. रक्त द्यायच्या किमान दोन दिवस आधी ती गोळी थांबवा आणि लॅबमध्ये तसं सांगा.