मदतनीस: हातात लेखणी आहे म्हणून

बडोद्यातल्याच एका तरुण अभियंत्याने विचारलंय: एलएलव्हीएम या कंपायलर-संचात दुसऱ्या प्रोसेसमधलं (वेगळ्या चालू प्रोग्रॅममधलं) फंक्शन, टाइप (माहितीचा प्रकार) आधी ठरवून आणि उत्तरासाठी खोळंबून न राहता बोलवायला ज्या 'हेल्पर युटिलिटीज' असतात, त्यांना 'सहाय्यक उपयुक्तता' म्हणावं का?

नको! उपयुक्तता हा गुण झाला, वस्तू नव्हे. आणि 'सहाय्यक' असा शब्दच नाही. 'सहाय'चा सहायक, 'साहाय्य'चा साहाय्यक. एकाचं डोकं दुसऱ्याच्या धडावर बसवलेलं हे ध्यान दांडिया बाजारातल्या पाट्यांवर रोज दिसतं, रोज चिडचिड होते.

सरळ 'मदतनीस' म्हणा. ('मददनीश' गुजराती, तो शेजाऱ्यांकडेच राहू द्या.) यातला 'नीस' म्हणजे फारसी 'नवीस', लिहिणारा. चिटणीस चिठ्ठ्या लिहितो, जमेनीस जमा, पारसनीस फारसी पत्रं. ट-ड शेजारी आले की 'नीस'चा 'णीस' होतो. मदतनीसात 'त' आहे, म्हणून 'न' शाबूत. राज्यव्यवहारकोशाने (फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणाऱ्या शिवकालीन कोशाने) सुरनीसाला सचिव केलं, वाकनीसाला मंत्री, तरी नीस काही हटला नाही. आडनावांत जाऊन बसला.

आता जाणकार म्हणतात, मदतनीसातला नीस ही नुसती हुद्द्याची शेपटी, लिहिण्याशी संबंध नाही. मला हे मुळीच पटत नाही. दफ्तरात मदत म्हणजे काय, पाणी भरणं? फडणिसाशेजारी बसून नकला उतरवणं हीच मदत! माझा तर्क असा की पहिला मदतनीस हा उसना लेखणीवालाच होता.

आणि गंमत बघा, तुमचा हेल्पर तरी दुसरं काय करतो? फंक्शनला द्यायच्या गोष्टी बाइटांत लिहून काढतो. 'बडोदे' ही अक्षरमाळ पाठवायची तर आधी लांबीचे 8 बाइट, मग यूटीएफ-8 (अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत) मधले 15, एकूण 23. पलीकडचा मदतनीस ते त्याच क्रमाने वाचतो, फंक्शन चालवतो, उत्तर पुन्हा बाइटांत लिहून धाडतो. टाइप दोन्हीकडे एकच हवेत, नाहीतर मोडीतलं पत्र बाळबोधवाल्यापुढे! चारशे वर्षांनी नीस पुन्हा लिहायला लागला, याहून काय हवं?

हो, 'असिंक्रोनस', म्हणजे ते उत्तरासाठी खोळंबून न राहणं, राहिलंच. हिंदीतलं 'अतुल्यकालिक' उचलू नका, दात दुखतील. चिठ्ठी रवाना केली की चिटणीस दारात उभा राहत नाही, पुढचा कागद ओढतो. जबाब आला की बघतो. एस.टी.च्या पाटीवरचा 'विनाथांबा' चालेल की.