अमेरिकेतल्या ग्रेट स्मोकी माउंटन्स राष्ट्रीय उद्यानात रानफुलं बघायला चार दिवस कधी जावं?

एप्रिलचा मधला ते शेवटचा आठवडा धरा, आणि मुक्काम पायथ्याशीच ठेवा. इथली रानफुलं झाडांना पालवी फुटून सावली दाटायच्या आत, जमिनीवर ऊन पोचतं तेवढ्याच दिवसांत फुलून घेतात. ट्रिलियम ओळखायला सगळ्यात सोपं: तीन पानं आणि त्यांच्यावर तीन पाकळ्यांचं एकच फूल. अगदी खाली वाकून बघा, खरंच सुंदर असतं. पण तोडू नका, उद्यानात त्याला बंदी आहे. प्रवेश फी नाही, मात्र १५ मिनिटांपेक्षा जास्त वेळ गाडी लावायची तर पार्किंग टॅग लागतो. दिवसाचा ५ डॉलर, आठवड्याचा १५, म्हणजे चार दिवसांसाठी आठवड्याचाच परवडतो. एक लक्षात असू द्या: वर वसंत उशिरा येतो. कुवोही शिखर (पूर्वीचं क्लिंगमन्स डोम) २,०२५ मीटर उंचीवर आहे. तिथला रस्ता डिसेंबर ते मार्च बंदच असतो, आणि एप्रिलमध्येही वर बर्फ पडू शकतो. त्यामुळे खाली उकडत असलं तरी जाड जॅकेट गाडीत हवंच.