कुर्डुवाडीचा चहा

सोलापूर
गुरुवार रात्र

प्रिय बाळ,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू सुताच्या भावाचं बोललीस, आईच्या गुडघ्याचं बोललीस, नव्या लूमच्या हप्त्यांचं बोललीस. आणि फोन ठेवता ठेवता म्हणालीस, "मावशी, एक माणूस चार वेळा दिसला. दोनदा फॅक्टरीच्या गेटसमोर, एकदा जिमखाली, परवा बँकेत. गाडीतून फोटो काढला होता, पण मग म्हटलं आपणच वेड्यासारखं करतोय, टाकला डिलीट करून." मी नुसतं "बरं" म्हटलं. तेव्हापासून ते "आपणच वेड्यासारखं" माझ्या डोक्यातून जात नाहीये, कारण पंधरा वर्षांपूर्वी मी स्वतःला अगदी हेच सांगत होते.

हे मी तुझ्या आईलाही कधी बोलले नाही. २०१० साल. मुंबईच्या एका प्रदर्शनात आमच्या टॉवेलच्या स्टॉलवर एक गृहस्थ आले. चाळिशीचे, इस्त्रीचा शर्ट, मृदू बोलणं. पंधरा मिनिटं बोलले, कार्ड घेऊन गेले. आठवड्याने पत्र आलं. मग दर सोमवारी येऊ लागलं. आधी धंद्याबद्दल, मग माझ्या एकटेपणाबद्दल, जणू मीच त्यांना काही सांगितलं होतं. आठव्या की नवव्या पत्राला मी एक ओळीचं उत्तर दिलं: "आपल्या भावनांचा मी आदर करते, पण कृपया पुन्हा पत्र पाठवू नये." पुढच्या सोमवारी पाकिटातून एक चिठ्ठी निघाली. लाल शाईत, सुवाच्य अक्षरात, "आपल्या भावनांचा मी आदर करते." खाली माझं नाव. बाकीचं वाक्य त्यांनी वाचलंच नव्हतं.

मी ती पत्रं फाडत गेले. घरात कुणाच्या हाती लागली तर काय म्हणतील, बाई काहीतरी बोलली असेल म्हणूनच ना, ही भीती. त्याच डिसेंबरात मी रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबईला गेले. सकाळी फलाटावर बॅग उतरवत होते, तर मागून आवाज आला: "काल कुर्डुवाडीला तुम्ही चहा घेतला नाहीत. तब्येत बरी आहे ना?" बॅगेच्या मुठीवरची माझी बोटं उघडेनात. मी नेहमी कुर्डुवाडीला चहा घेते हे त्यांना ठाऊक होतं. म्हणजे ते आधीही कधीतरी त्याच गाडीत होते, आणि मला पत्ता नव्हता.

त्यांना गाडी कशी कळली? मला वाटलं होतं, माणूस फार हुशार असणार. हुशारीची गरजच पडली नव्हती. त्यांनी ऑफिसला फोन केला आणि आमचे अकाउंटंट, वीस वर्षं घरच्यासारखे, म्हणाले, "मॅडम आज रात्रीच्या सिद्धेश्वरने निघतायत, परवा करा फोन." डबा आणि बर्थ त्या वेळी डब्याच्या दाराला चिकटवलेल्या नावांच्या तक्त्यावरून कळायचा. तो तक्ता आता गेला. अकाउंटंट मात्र प्रत्येक ऑफिसात आहेत.

आपल्या गावाचा स्वभाव तुला माहीत आहे. गेटवर "मालक आहेत का?" विचारलं तर वॉचमन मालक नाहीत एवढं सांगून थांबत नाही. कुठे गेलेत, कुणाबरोबर, किती वाजता येतील, जेवून येतील का, सगळं सांगतो. समोरच्याला उन्हात हेलपाटा पडू नये म्हणून सांगतो. या चांगुलपणावर माझा जीव आहे. पण दिवाळीपासून तुझा फोटो पेपरात येतोय, 'तरुण व्यवस्थापकीय संचालिका' म्हणून, आणि हाच चांगुलपणा आता अनोळखी माणसाच्याही कामाला येतो. मला तुला मुख्य हेच सांगायचं आहे. गनमन ठेवायचा की नाही ते नंतर बघू. तू कधी, कुठे असणार हे आज किती जणांना आधीपासून माहीत असतं, ते आधी मोज.

गुलशन कुमारांना १२ ऑगस्ट १९९७ ला अंधेरीत गोळ्या घातल्या त्या देवळाबाहेर, जिथे ते रोज सकाळी जात. न्यूयॉर्कमध्ये ४ डिसेंबर २०२४ ला युनायटेड हेल्थकेअर या आरोग्यविमा कंपनीचे प्रमुख ब्रायन थॉम्पसन सकाळी सातच्या आत एकटे हॉटेलकडे चालत निघाले होते, तिथेच त्यांना गोळ्या घातल्या. त्यांच्या कंपनीची गुंतवणूकदारांची बैठक त्याच हॉटेलात होती आणि तारीख सगळ्यांना ठाऊक होती. एवढी मोठी नावं घेतली म्हणून घाबरू नकोस. सोलापूरच्या टॉवेलवालीवर कुणी तसा डोळा ठेवून बसलेलं नाही. पण दोन्हीकडे एकच गोष्ट आहे: जागा आणि वेळ आधीपासून ठरलेली होती.

तुझं कुठून कुठून बाहेर जातं ते बघ. आपल्या प्रत्येक बिलावर जीएसटी नंबर छापलेला असतो. तो पोर्टलवर टाकला की व्यवसायाचा मुख्य पत्ता फुकट दिसतो. बाबांनी सुरुवातीला घरचाच पत्ता दिला होता, तो अजून तसाच असेल तर सीएंना सांगून या महिन्यात बदलून घे. कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयाचंही तसंच. थोडं शुल्क भरून ती कागदपत्रं कुणीही बघू शकतं. मग फास्टॅग. सावळेश्वरचा टोलनाका ओलांडला की मेसेज कुणाच्या मोबाइलवर जातो? माझ्या ओळखीच्या एका कारखानदाराच्या गाडीचे मेसेज दोन वर्षांपूर्वी काम सोडून गेलेल्या क्लार्कच्या नंबरवर जात होते. तो क्लार्क सरळ माणूस होता. नसता तर? वरवडेच्या नाक्याचा मेसेज आला की गाडी पुण्याच्या वाटेवर आहे आणि घरी कुणी नाही, हे त्याला घरबसल्या कळलं असतं.

वाढदिवसाचे फ्लेक्स. कामगारांनी हौसेने सात रस्त्यावर लावला, तुझा फोटो, शेजारी भाचीचा. त्यांचं मन मोडू नकोस, पण पुढच्या वर्षी नुसती तुझी पाटी लावा म्हण, मुलांचे फोटो नकोत. वंदे भारतमध्ये बसल्या बसल्या फोटो टाकायची तुझी सवय मला माहीत आहे. टाक, पण परत आल्यावर. व्हॉट्सअ‍ॅपमधलं 'लिंक्ड डिव्हायसेस' आत्ता उघडून बघ. ऑफिसच्या कुठल्या तरी कॉम्प्युटरवर तुझं व्हॉट्सअ‍ॅप अजून उघडं असेल. आणि फोनवर अनोळखी ट्रॅकर सोबत फिरत असल्याची सूचना आली, तर ती जाहिरात समजून सारू नकोस. आयफोन आणि अँड्रॉइड दोन्ही ती सूचना देतात. गाडीत तसलं काही सापडलं तर फेकू नकोस, सापडलं त्या जागेसकट फोटो काढ आणि घरी न जाता सरळ पोलीस ठाण्यात जा.

ड्रायव्हरदादांना विश्वासात घे. त्यांना भीती घालू नकोस, कारण सांग. गाडी उभी असताना चहाच्या टपरीवर ड्रायव्हर एकमेकांना मालकांचे दौरेच सांगत असतात, दुसरं काय बोलणार बिचारे. "उद्या कुठं?" याला "मॅडम सकाळी सांगतात" एवढं उत्तर पुरे, हे त्यांना शिकव. रिसेप्शनवर आणि गेटवर एकच वाक्य ठरवून दे: "निरोप लिहून द्या, मॅडमपर्यंत पोचवतो." पंधरा दिवसांनी कुणाला तरी फोन करायला लावून तपासून बघ. पहिल्यांदा सगळे नापास होतील. रागावू नकोस, पुन्हा सांग.

आता तो माणूस. कोण असेल, हे तू ओळखलेलं नाहीस. ऑस्ट्रेलियाचे मानसोपचारतज्ज्ञ पॉल मलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये पाठलाग करणाऱ्यांचे पाच प्रकार मांडले: नातं तुटलेला, जवळीक शोधणारा, ओळख कशी करावी हेच न कळणारा, अन्याय झाला म्हणून डूख धरणारा, आणि हल्ल्याच्या तयारीत असलेला. माझे गृहस्थ दुसऱ्या प्रकारातले. कारखाना चालवणाऱ्याला हमखास भेटू शकतो तो चौथा. म्हणून आठवून बघ, गेल्या वर्षभरात कुणाला कामावरून काढलं? कुणाचं कंत्राट बंद केलं? आणि कसं?

हे "कसं" फार महत्त्वाचं आहे, बाळ. माणूस काढावा लागतो, मीही काढले. एका जॉबरला, म्हणजे मागांवरच्या मुकादमाला, मी चोरीच्या संशयावरून पाळी सुटताना गेटवर, दीडशे लोकांसमोर डबा उघडायला लावला. डब्यात भाकरी आणि शेंगाचटणी होती. मी माफी मागितली ती केबिनमध्ये, एकटीने. त्याने त्या दिवशीच काम सोडलं आणि पुढे सहा महिने पाळी सुटायच्या वेळी तो गेटसमोर येऊन उभा राहायचा. काही बोलायचा नाही. मी पोलिसांना सांगणार होते, पण आधी त्याच्या घरी गेले आणि मग त्याच गेटवर, त्याच पाळीसमोर माफी मागितली. दुसऱ्या दिवसापासून तो आला नाही. सगळ्यांच्या बाबतीत असं होत नाही, आणि अनोळखी माणसाच्या दारात तू अजिबात जायचं नाहीस. पण हिशेब वेळेवर दे, ग्रॅच्युइटी अडकवू नकोस, बंद दाराआड बोल, आणि काढलेल्या माणसाला त्याची सायकल घेऊन मान वर करून बाहेर जाता येईल असं कर.

माझ्याबाबतीत पोलिसांचं काय झालं तेही सांगते. मुंबईहून आल्यावर मी एका ठाण्यात गेले. अधिकारी सभ्यपणे म्हणाले, "मॅडम, त्यांनी नेमकं केलं काय?" माझ्याकडे काय होतं? पत्रं फाडलेली, आणि चहाची चौकशी. तेव्हा पाठलागाचं वेगळं कलमही नव्हतं; ते २०१३ च्या दुरुस्तीने भारतीय दंड संहितेत आलं, ३५४-ड. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय न्याय संहितेत ७८ वं कलम आहे. स्त्रीने नको असल्याचं स्पष्ट दाखवूनही एखादा पुरुष तिच्या मागे येऊन पुन्हा पुन्हा संपर्क करत असेल किंवा करू पाहत असेल, किंवा कुणी पुरुष तिच्या इंटरनेट-ईमेलवर पाळत ठेवत असेल, तर तो गुन्हा. पहिल्या वेळी तीन वर्षांपर्यंत, पुन्हा केला तर पाच वर्षांपर्यंत कैद. तुझ्या भावाला कुणी त्रास दिला तर हे कलम चालत नाही, तिथे धमकीचं किंवा खंडणीचं लागेल.

यात दोन गोष्टी नीट समजून घे. संपर्क करणाऱ्या माणसाच्या बाबतीत "स्पष्ट" या शब्दाला वजन आहे. माझ्यासारखं "आदर करते" लिहू नकोस. "मला तुमच्याशी कोणताही संपर्क नको आहे" एवढं एकदा, लेखी, आणि त्यानंतर एक अक्षरही नाही. रागाचं नाही, समजावणीचं नाही, वकिलाआडून टोमणाही नाही. तुझा माणूस अजून एक शब्दही बोललेला नाही, त्यामुळे त्याला तू आपणहून काही पाठवायचं नाहीस, गाडीची काच खाली करून जाबही विचारायचा नाहीस. दुसरं म्हणजे, पहिल्या वेळचा गुन्हा जामीनपात्र आहे. तक्रार केली की माणूस आत जातो आणि आपण सुटलो, असं नसतं. तो त्याच संध्याकाळी बाहेर असू शकतो, आणि चिडलेला. म्हणून तक्रार देण्याआधीच ठरव, त्या आठवड्यात तू कुठे राहशील, सोबत कोण असेल.

तक्रार कुठल्याही ठाण्यात देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. नोंदवून घेतली नाही तर तीच लेखी तक्रार पोलीस आयुक्तालयात वरिष्ठांकडे दे. अंगावर बेतलं तर ११२. मेसेज आले असतील तर तो फोन विकू नकोस, बदलू नकोस. स्क्रीनशॉटपेक्षा मूळ फोन महत्त्वाचा. आणि एक वही कर. तारीख, वेळ, जागा, त्याने काय घातलं होतं, गाडीचा नंबर, तेव्हा सोबत कोण होतं. मी दुसऱ्यांदा ठाण्यात गेले तेव्हा माझ्याकडे अकरा पानं होती. त्याच अधिकाऱ्यांनी ती उभ्या उभ्या वाचली, मग खुर्चीत बसले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. त्यांनी त्या गृहस्थांना बोलावून समज दिली, त्यांच्या थोरल्या भावाला सोबत आणायला लावलं. भाऊ रडला. घरात आजार होता, कुणी औषध देत नव्हतं. पत्रं थांबली.

वाटेत कुणी मागे आहे असं वाटलं तर ब्लॉकला एक पूर्ण वळसा घाल. तरीही मागे असेल तर घरी जाऊ नकोस, ठाण्यात किंवा गर्दीच्या पेट्रोल पंपावर जा. आणि प्रेमाची भाषा तक्रारीच्या भाषेवर आली, "शेवटचं सांगतो" सुरू झालं, 'अमुक तारखेपर्यंत' अशा मुदती येऊ लागल्या, तर त्या दिवशी वाट बघायची नाही.

तू विचारलंस, यंदा सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला जाऊ की नको. जा. नंदीध्वजांसोबत चालायची तुझ्या आजीची रीत तू मोडू नकोस, अक्षता सोहळ्याला संमती कट्ट्यावर मीही येणार आहे. फक्त कुठून चालायला सुरुवात करणार आणि कुठे थांबणार हे या वर्षी घरच्यांशिवाय कुणाला सांगू नकोस, आणि भाऊ व ड्रायव्हरदादा दोघंही चार पावलांवर राहू देत.

शनिवारी संध्याकाळी घरी ये, भाकऱ्या करून ठेवते. वही सोबत आण, चारही वेळांचं जेवढं आठवेल तेवढं आजच लिहून. आणि तो फोटो. डिलीट केलेला फोटो फोनच्या कचरापेटीत साधारण तीस दिवस राहतो. गॅलरी उघड, 'रीसेंटली डिलीटेड' मध्ये बघ, आणि सापडला की आधी मला पाठव.

तुझी,
मावशी