दुनाली बंदूक, दोन मुले आणि सेहेचाळीस हजारांची तिजोरी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात राहणाऱ्या एका वाचक भगिनींचे पत्र आले आहे. त्यांच्या 74 वर्षांच्या सासऱ्यांकडे बारा बोरची परवान्याची दुनाली बंदूक असून ती डबऱ्याकडील शेतीच्या राखणीसाठी पूर्वी घेतलेली आहे. सध्या ती आतल्या खोलीतील लोखंडी कपाटात असते आणि कपाटाची किल्ली देवघराच्या फळीमागे असते. घरात सहा आणि अकरा वर्षांची दोन मुले आहेत. मोठ्याला किल्लीची जागा ठाऊक असल्याचे गेल्या महिन्यात लक्षात आल्यापासून या बाईंना झोप नाही. बोटाच्या ठशाने उघडणारी 46,000 रुपयांची तिजोरी घ्यावी, लोहिया बाजारातील कारागिराकडून 17,000 रुपयांत साधी तिजोरी करून घ्यावी, की यजमान म्हणतात त्याप्रमाणे कपाटालाच दुसरे कुलूप लावावे, असा त्यांचा प्रश्न आहे. महागडी तिजोरी घेतल्यास दीड लाखाची मुदत ठेव मोडण्याची त्यांची तयारी आहे.

ताई, यजमानांचा पर्याय प्रथम बाजूला ठेवू, कारण त्यात पैसे वाचतात आणि मूळ अडचण जागच्या जागी राहते. कपड्यांच्या कपाटाचा पत्रा पातळ असतो, दार वाकवता येते, आणि ज्या कपाटाकडे दिवसातून दहा वेळा कोणीतरी जाते त्याची किल्ली मुलांपासून लपून राहत नाही. बँकेच्या लॉकरचा विचार मनात आला असेल तर तोही सोडावा, कारण लॉकरच्या करारानुसार शस्त्रे आणि स्फोटके तेथे ठेवता येत नाहीत.

आता 46,000 रुपयांच्या तिजोरीविषयी. आपण ज्या सोयीसाठी जास्तीचे पैसे मोजणार आहात, ती सोय आपल्या घरात चालण्याची शक्यता कमी आहे. शेतीत हात झिजलेल्या वृद्धांचे ठसे यंत्राला अनेकदा ओळखता येत नाहीत, हा अनुभव शिधापत्रिकेच्या दुकानापासून बँकेपर्यंत सर्वांनाच आहे. ठसा लागला नाही की जादा किल्ली काढावी लागणार, आणि ती किल्ली पुन्हा देवघराच्या फळीमागे जाणार. सोयीसाठी आपला किंवा यजमानांचा ठसा त्यात नोंदवावा, असे विक्रेता सुचवील; ते करू नये. परवाना सासऱ्यांच्या नावावर आहे, शस्त्र नियम, 2016 प्रमाणे ते सुरक्षित ठेवण्याची जबाबदारीही त्यांचीच आहे, आणि परवाना नसलेल्या व्यक्तीच्या हाती तिजोरी उघडण्याचे साधन असल्यास शस्त्र नक्की कोणाच्या ताब्यात आहे, असा प्रश्न उभा राहू शकतो. अग्निरोधक अस्तराचे पैसे तर बंदुकीसाठी मुळीच देऊ नयेत. ते कागदपत्रांसाठी असते.

आणखी एक हिशेब विक्रेता आपल्याला सांगणार नाही. परवाना पाच वर्षांसाठी असतो आणि आपल्या पत्राप्रमाणे त्याचे नूतनीकरण पुढच्या वर्षी आहे. सासऱ्यांना आता राखणीला जावे लागत नाही आणि यजमानांना स्वतः परवाना घेण्याची इच्छा नाही. परवानाधारकाच्या पश्चात शस्त्र घरी ठेवता येत नाही. शस्त्र अधिनियम, 1959 च्या कलम 21 नुसार ते विनाविलंब पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करावे लागते. म्हणजे ही तिजोरी बंदुकीसाठी कदाचित थोडीच वर्षे लागणार आहे. इतक्या अल्प काळासाठी मुदत ठेव मोडणे मला पटत नाही, विशेषतः तीच ठेव आपला अडीअडचणीचा एकमेव साठा असताना. सहा बिनव्याजी हप्त्यांत घेतली, तरी महिन्याला सुमारे 7,670 रुपये जातील आणि आपल्या 9,000 रुपयांच्या मासिक शिलकेतून तेराशे-साडेतेराशे उरतील. शिवाय अशा हप्त्यांवर प्रक्रिया शुल्क आणि व्याजाच्या भागावरील जीएसटी बहुधा वेगळा लागतो, तेव्हा ‘बिनव्याजी’ हा शब्द जरा सांभाळूनच वाचावा.

माझा कौल साध्या तिजोरीला आहे, पण ती करून घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. उभी बंदूक साधारण चार फूट लांब असते, म्हणून कारागीर सव्वाचार फुटांची पेटी सुचवतो आणि किंमत वाढते. दुनाली मात्र मधून मोडून नळ्या, दस्ता आणि पुढचा लाकडी भाग असे तीन भाग सुटे करता येतात, आणि नळ्या सहसा 28 ते 30 इंच, म्हणजे फार तर 76 सेंटिमीटर लांब असतात. आतून 80 सेंटिमीटरची पेटी त्यामुळे पुरते. सुटी करून ठेवलेली बंदूक मुलाच्या हाती लागली तरी लगेच वापरण्याजोगी नसते, हा लाभ किमतीत धरलेला नाही. अंगाचा पत्रा 3 मिलिमीटर, दाराचा 6 मिलिमीटर, बिजागऱ्या आतून आणि मागे-खाली फास्टनरसाठी, म्हणजे पेटी आवळण्याच्या बोल्टसाठी, भोके, एवढे मागावे. अशी पेटी सुमारे 40 किलोची होते आणि दोन माणसे ती सहज उचलून नेऊ शकतात, म्हणून ती भिंतीला व जमिनीला आवळल्याशिवाय घेतली असे समजू नये. लष्कर भागातील जुन्या घरांच्या भिंती दगड-चुन्याच्या असतात. फास्टनर दगडात बसवावा, सांध्यातील चुन्यात नव्हे.

काडतुसांसाठी कुलपाची वेगळी लहान पेटी, चापाला लावायचे कुलूप, वाहतूक, बसवणूक आणि पावसाळ्यातील दमटपणासाठी सिलिका जेल धरून एकूण खर्च 21,000 रुपयांच्या आसपास जावा. आपल्या शिलकेतून तो अडीच महिन्यांत उभा राहतो. तोपर्यंत बंदूक कपाटात ठेवू नये. ग्वाल्हेरमध्ये निवडणुकीच्या वेळी शस्त्रे जमा करण्याची सासऱ्यांना सवय असेलच; त्याच रीतीने परवाना दाखवून ती परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे ठेवावी, शुल्क आधी विचारावे आणि पावती जपून ठेवावी. तिजोरीची एक किल्ली सासऱ्यांच्या अंगावर आणि दुसरी त्यांच्या नावाच्या बँक लॉकरमध्ये असावी. किल्ली ठेवण्यास तेथे मनाई नाही.

मात्र कारागिराला आगाऊ रक्कम देण्यापूर्वी सासऱ्यांशी एकदा शांतपणे बोलावे. खंडेनवमीला शस्त्रपूजेत बंदूक मांडण्याचा मान त्यांना मोठा वाटतो, असे आपण लिहिले आहे, आणि त्या मानाची किंमत माझ्या हिशेबात बसत नाही. पुढच्या वर्षी नूतनीकरण करायचे आहे का, एवढेच त्यांना विचारावे. नको म्हणाले, तर विक्रेत्याकडे ठेवलेली बंदूक तेथूनच रीतसर विकता येईल आणि तिजोरीचा खर्चच राहणार नाही. हवे म्हणाले, तर आतील माप, पत्र्याची जाडी आणि बसवणुकीचा खर्च कारागिराकडून पावतीवर लिहून घेऊन मगच आगाऊ रक्कम द्यावी.