57व्या वर्षी नागपुरातून चरित्र अभिनेता म्हणून सुरुवात करता येईल का?

येईल. बँकेतून निवृत्त झालात, कॉलेजनंतर नाटक सुटलं, आता मुंबई गाठू का, असं तुम्ही विचारलंय. एवढ्यात मुळीच जाऊ नका.

डॉ. श्रीराम लागू 42व्या वर्षी डॉक्टरकी सोडून पूर्णवेळ नट झाले. ए. के. हनगल सिनेमात आले तेच पन्नाशीनंतर. पण दोघांच्याही गाठीशी आधीच नाटकाची कित्येक वर्षं होती, आणि नेमकं तेच कुणी सांगत नाही. तेव्हा आधी राज्य नाट्य स्पर्धेत उतरणारा एखादा हौशी संघ गाठा. सायंटिफिक सभागृहात नाटकं बघायला जात राहिलात की ओळखी होतात. अशा संघांत बापाच्या भूमिकेसाठी पंचविशीतल्या पोरांचे केस पांढरे करावे लागतात, त्यामुळे खरा सत्तावन्न वर्षांचा माणूस त्यांना हवाच असतो. केसांना कलप मात्र लावू नका.

झाडीपट्टीचाही, म्हणजे पूर्व विदर्भात गावोगाव होणाऱ्या नाटकांचाही, विचार कराल. वडसा हे तिथलं मुख्य ठाणं, हंगाम दिवाळीनंतरचा. पण नाटक रात्रभर चालतं, थंडी कडक असते. बीपी-शुगर असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

कॅमेऱ्याचं तंत्र वेगळं. नाटकातला चढा आवाज तिथे खोटा वाटतो. नवखे सगळ्यात जास्त अडकतात ते कंटिन्युइटीत. एकच प्रसंग आधी लांबून आणि मग जवळून, पुन्हा पुन्हा घेतात. पहिल्यांदा 'पोरी' म्हणताना कप उचललात, तर प्रत्येक वेळी त्याच शब्दावर, त्याच हातानं उचलायचा. नाहीतर संकलनात तुकडे जुळत नाहीत आणि तुमचा चांगला शॉट कापला जातो. म्हणून घरी संवाद पाठ करतानाच चहा पीत करा, चष्मा काढत-घालत करा.

ऑडिशनचा व्हिडिओ घरीच काढा. मोबाइल आडवा, डोळ्यांच्या उंचीवर. उजेड समोरच्या खिडकीतून, मागे साधी भिंत. आधी नाव, वय, उंची, गाव सांगा आणि चेहरा दोन्ही बाजूंनी दाखवा. मग एक-दीड मिनिटाचा प्रसंग. समोरचे संवाद वाचणाऱ्याला मोबाइलच्या अगदी लगत उभं करा आणि त्याच्याकडे बघून बोला. कूलर आणि पंखा बंद ठेवा. आपल्याकडे उन्हाळ्यात कूलरची घरघर कानाला जाणवेनाशी होते, माइक मात्र ती पकडतो आणि शब्द बुडतात. एक प्रसंग प्रमाण मराठीत, एक आपल्या नागपुरी बोलीत करा.

नोंदणी फी किंवा पोर्टफोलिओच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर तिथूनच परत फिरा. काम देणारा पैसे मागत नाही. आणि मालिकेचं मानधन हातात पडायला तीनेक महिने जातात. त्यामुळे पेन्शनवर घर चालतंय, ही तुमची मोठीच जमेची बाजू आहे.